पक्कड

नुक्रीचा जबडा खेचरानं मोडला,
तेलावीच्या दवाखान्यात तारेनं बांधला.
घरी सोडताना नर्सनं माझ्या हातात
तारा कापायची पक्कड दिली:
उलटी आली, गुदमरला, तर वेळ लावू नका.
ती उशाशी टांगलीय, मेरीच्या तसबिरीखाली.

गावातल्या प्रत्येक लग्नात पहिला पेला हाच उचलायचा.
मेलेल्यांसाठी, पाहुण्यांसाठी,
एकदा तर घेवड्याच्या वेलासाठी
वीस मिनिटं बोलला. सूप गार.
आता मूग गिळून बसणंही जमत नाही;
तोच घेवडा मी वाटते, गाळते,
नळीतून देते.

पाटीवर लिहितो: मीठ.
मग: अजून मीठ.
मग पुसून टाकतो,
आणि बराच वेळ खडू धरून बसतो.

रविवारी बद्री आला,
सवयीनं तीन पेले भरले.
आम्ही उचलले. थांबलो.
नुक्रीनं पेल्यात नळी सोडली
आणि माझ्याकडे बघितलं.

एकतीस वर्षांत
त्याच्या टेबलावर मी कधी बोलले नव्हते.
म्हणाले, द्राक्षं यंदा आंबट आहेत.
म्हणाले, खेचर विकायचं नाही.

तारांमागे काहीतरी खुळखुळलं, अडकलं,
डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.
मी धावत जाऊन पक्कड आणली.

हसत होता.