मिळून आला नाही

पानाला एकशे ऐंशी रुपये, शिक्क्याचे वेगळे.
शिवाजीनगर कोर्टाबाहेर, नोटरी बोत्रे यांच्या टेबलाच्या
डाव्या अंगाला माझी खुर्ची.
आज आलेला गठ्ठा जाड आहे, दोरी लाल, सरकारी.
विश्राम ढमढेरे, धंदा प्रकाशन, राहणार नारायण पेठ,
हल्ली मुक्काम परदेश.
त्याचं मराठीतलं पाप
तिकडच्या न्यायाधीशाला कळेल अशा इंग्रजीत हवंय
सोमवारपर्यंत.

पंचनाम्यापासून सुरुवात करते.
हवालदाराचं अक्षर गोल, शाळेतलं.
"लोखंडी कपाट एक. खळीचा डबा, अर्धा.
पुस्तिकेच्या प्रती तीनशे चाळीस, पाने शहाण्णव.
स्टीलचा पेला, आत चहा, वर साय धरलेली.
पंखा चालू.
सदर इसम मिळून आला नाही."

गठ्ठ्यात आधीच्या कुणाचा तरी कच्चा तर्जुमा आहे.
त्यात शेवटच्या ओळीचं झालंय: फरार.

आमच्या घरी चष्मा मिळून येत नाही,
गॅसचं कार्ड, माळ्यावरच्या कुलपाची किल्ली.
त्यांना कुणी फरार म्हणत नाही.
मी तो शब्द खोडते.
हवालदारानं जेवढं पाहिलं तेवढंच लिहिते.

पुस्तिकेत आहे तरी काय?
एका कारखान्याची रात्रपाळीची वही, जशीच्या तशी.
"२.१० व्हॉल्व्ह उघडला. २.५५ बंद. नदीला फेस."
अशा एकतीस महिन्यांच्या रात्री.
प्रस्तावना नाही. एकसुद्धा विशेषण नाही.
प्रुफं मीच तपासली होती
(फॉर्मवर तसा रकाना नाही, म्हणून सांगितलेलं नाही).
एके ठिकाणी फेसचा फेर झाला होता, तेवढा सुधारला.

त्यानं राजाश्रय मागितलाय.
आपल्याकडे हा शब्द शालजोडी घेऊन येतो.
स्तुती करावी, कवनाला सोन्याचं कडं,
फारच जमलं तर एखादं गाव इनाम.
हा मागतोय
स्तुती केली नाही म्हणून,
तेही दुसऱ्यांच्या राजाकडे,
जिथं दुपारी तीनला अंधार पडतो
आणि वकील तासावर पैसे घेतात.

दुसऱ्या पानावर तो नेहमी छापायचा,
सर्व हक्क स्वाधीन.
आता सगळे त्यालाच म्हणतात, स्वाधीन हो.

तळाशी मुख्य अर्ज. प्रत्यार्पण.
पेन खाली ठेवून मी हा शब्द बघत बसते.
त्याच्या पोटात अर्पण आहे.
पुस्तिकेतही आहे, पान तीन:
"ज्या हातांनी ही वही लिहिली, त्यांस."
नाव नाही.
चोवीस मुद्द्यांच्या अर्जात एकविसावा मुद्दा तेवढाच,
त्यांस म्हणजे कोणास?
बाकीचे तेवीस त्याच्या भोवतीनं उभे केलेत.

कच्च्या तर्जुम्यात हातांची व्यक्ती केलीय.
मी परत हात करते. दोन्ही.
त्या वहीतला गुडघ्यात वाकलेला र मी ओळखते.
भाषांतरकाराला कुणी विचारत नाही.

शेवटी प्रमाणपत्र: माझ्या माहितीप्रमाणे
खरे व बरोबर. सही. बोत्रेंचा शिक्का, जरा तिरका.

रविवारी त्याचा फोन आला होता.
सुनावणीचं काहीच बोलला नाही.
बाइंडर मोमीनचे सातशे राहिलेत म्हणाला, ते दे.
मग थोडा वेळ नुसता श्वास, आणि
पंखा कुणी बंद केला का गं?

पंचनाम्यात त्याबद्दल काही नाही.
घरी जाताना मुद्दाम नारायण पेठेतून वळते.
शटरला लाखेचं सील, वर कुणीतरी
क्लासची जाहिरात चिकटवलेली.
कान लावला.
चालू आहे.
चार महिने.
बिल कोण भरतंय कुणास ठाऊक.