दोन बोटं

मुख्य कचेरीनं मला अरोसाच्या खाडीवर धाडलं
तेव्हा बगलेत एक फाइल होती:
‘उत्साहवर्धन, टप्पा पहिला’.
सार्डिन डब्यात भरायचा कारखाना,
एकसष्ट बायका, चार पुरुष,
आणि आलेखावर उताराला लागलेली एक लाल रेघ.

पहिल्या आठवड्यात मी भिंतीवर चित्र लावलं.
बर्फाच्या सुळक्यावर हात पसरून उभा गिर्यारोहक.
ओब्दुलियानं मान तिरपी करून बराच वेळ पाहिलं.
म्हणाली, “हा तिथे गेलाय,
याच्या आईला ठाऊक आहे का?”

मग सोमवारच्या टाळ्या.
सकाळी साडेसहाला सगळ्यांना गोलात उभं करून
मी म्हटलं, चला, जोरात!
ओल्या रबरी हातमोज्यांच्या टाळ्या त्या,
चप्, चप्, चप्,
होडीच्या तळाशी मासे आपटावेत
अगदी शेवटचे, तशा.

मग महिन्याची मानकरी.
फोटो लागला दोरिंदाचा.
दुसऱ्या दिवशी जेवणघरात तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.
तिसऱ्या दिवशी तिनं आपणच तो उतरवला,
माझ्या टेबलावर पालथा ठेवला
आणि हात पुसत निघून गेली.

सूचनापेटी सापडली ती अशीच, छत्री शोधताना.
कपडे बदलायच्या खोलीत कोटांच्या मागे,
हिरव्या पत्र्याची, कुलूप गंजून एकजीव झालेलं.
किल्ली कुठे आहे विचारलं तर हशा पिकला.
किल्ली म्हणे मागच्याच्या मागच्या साहेबाबरोबर गेली.
मारुशानं माशांची डोकी उडवायची सुरी आणली
आणि पेटी उघडली
डबा उघडावा तशी.

आत गोळ्यांचे कागद, न लागलेलं लॉटरीचं तिकीट,
एक नवस, बिननावाचा:
‘आई मारिया, त्याची दारू सुटू दे.’
चर्चमधली पेटी समजून टाकला असेल,
किंवा नीट समजूनच.
आणि चौकटीच्या वहीचं एक पान:
‘तीन नंबरचं टेबल दोन बोटं खाली आहे.
कंबर मोडते. एर्मिनिया.’
तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

एर्मिनिया कोण?
“गेली,” ओब्दुलिया म्हणाली, “मागच्या नाताळाआधी.
शेवटी शेवटी घराच्या पायऱ्यासुद्धा बसून चढायची.”
हातातला मासा तिनं साफ करून संपवला.
“तिच्यानंतर त्या टेबलावर मी आहे.”

संध्याकाळी मी आणि सुसो मिस्त्री मागे राहिलो.
फुटक्या होडीच्या फळीचे त्यानं चार ठोकळे कापले.
टेप होती खिशात, पण काढली नाही.
मी म्हटलं, दोन बोटं म्हणजे कुणाची?
तो म्हणाला, “तिचीच. अंगानं काडी होती,
पण हात दर्यावर्दी माणसाचे.”
आणि स्वतःच्या दोन बोटांवर
केसभर वाढवून खूण केली.

सकाळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
ओब्दुलियानं टेबलाला तळवे लावून पाहिले,
कामाला लागली.
अर्ध्या तासानं पाठ ताठ करून उभी राहिली
काहीतरी आठवल्यासारखी.

एवढ्यात पलीकडून आवाज:
“माझं सात नंबर उंच आहे, मी बुटकी, मला पाट द्या!”
“त्या मागच्या दारातून वारं येतं, गुडघे धरतात!”
“हातमोजे सगळे पुरुषी मापाचे, बोटं आत पोहतात!”
“आणि साहेबाला मासा साफ करता येतो का, विचारा कुणीतरी!”
दहा वाजेपर्यंत फाइलची मागची पानं भरली.
यंत्रांच्या वर आवाज चढवून त्या एकमेकींना आठवण करून देत होत्या,
भांडत होत्या, हसत होत्या,
बहुतेक मलाच.

कचेरीतून फोन आला, कुठल्या टप्प्यावर आहात?
म्हणालो, सात नंबरच्या टेबलापाशी.

लाल रेघेचं अजून काही सांगता येत नाही.
गिर्यारोहकाला चौकटीसकट मागच्या दाराच्या फटीत ठोकलाय,
वारं अडवतो बऱ्यापैकी.

नवसाची चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे.
अक्षर कुणाचं, ते मी विचारलेलं नाही.