बाण

वर्गात सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले:
बोलणारा, ऐकणारा. मध्ये बाण.
बाणावर वाकडीतिकडी रेघ, हा व्यत्यय.
मी वहीत उतरवलं, पट्टीने.

आज ससूनमध्ये, खोली अकरा,
तो बाण मी आहे.
श्रीपती ढमढेरे, खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर,
जन्मापासून ऐकू येत नाही.
पंखा खडखडतोय, बाहेर नंबर पुकारतायत,
त्यांना त्याचं काहीच नाही.
त्यांचा व्यत्यय लुकलुकणारी ट्यूब:
माझी बोटं मध्येच विझतात.
खुर्ची खिडकीकडे सरकवली.
हे वहीत नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणतात, "यांना सांगा."
मी हातांनी तेच म्हणते: यांना सांगा.
काका हसतात.

मग पुतण्या डॉक्टरांना दाराशी नेतो,
हेल्मेट काखेत, आवाज खाली:
"गाठ कसली आहे ते काकांना कळू देऊ नका."

खोलीत बोललं जाईल ते सगळं पोचवायचं,
पदरचं घालायचं नाही, काही गिळायचं नाही.
शपथ सोपी होती, घेतली तेव्हा.
हात मांडीवरच. दोन श्वास. तीन असतील.
पुतण्या वाईट नाही, मघाशी त्यानेच काकांच्या चपला
वाकून सरळ केल्या होत्या.
पण काका माझ्या हातांकडे बघतायत,
आणि थांबलेले हात त्यांना वाचता येतात.

उचलले.
गाठ. कसली. काकांना. कळू देऊ नका.

काकांनी पुतण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
दोन बोटांनी छातीवर टिचकी मारली, मग भरभर बोलले.
मी मोठ्याने म्हणाले, माझ्या आवाजात, त्यांचा "मी":
"डॉक्टर, गाठ माझी आहे.
इकडे बघून मला सांगा."