वाढ

सोमवारी बालेवाडीत काच जड असते.
शनिवार-रविवार सगळा आमच्या पोत्यात उतरतो,
खंबे, क्वार्टर, बियरच्या हिरव्या बाटल्या,
एखादीच्या तळाशी घोटभर राहिलेली.
तो घोट मी गुलमोहराच्या बुंध्याशी ओतते.
झाड काही बोलत नाही.

इथं बी विंगच्या जागी ज्वारी होती तेव्हा
आठवड्याला एक पोतं भरायचं, तेही अर्धं पुठ्ठ्याचं.
आता एका विंगचं एक.
मुश्ताकभाई काटा लावतो, म्हणतो,
मावशी, एरिया सुधारला बरं का.
अख्ख्या बाटलीला दोन रुपये,
फुटली की किलोवर.

बाराव्या मजल्यावरची बाई
बाटली पेपरात गुंडाळून देते,
वर बटाट्याची सालं, त्यावर सुतळीची गाठ.
मी गाठ कापत नाही, सोडवते.
सुतळी कामाला येते.
मध्ये तीन महिने सुतळी आली नाही.
आल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या,
आणि एकदा केकचा खोका,
झाकणाला चिकटलेल्या क्रीमवर उलटं उमटलेलं, शंभर दिवस.
खोका मी दोन दिवस गाडीला अडकवून फिरवला,
उगीच.
मग दिवाळीचा बोनस झाला
आणि सुतळी परत आली.
गाठ आधीपेक्षा घट्ट.

माझ्या गळ्यातल्या कार्डावर
कुसुम दादाराव घनवट.
मधला गेला, कार्डावर राहिला.
भोसरीला ठेकेदाराकडं डबल पाळी मारायचा,
ऑर्डरी आल्यात म्हणायचा, आता दिवस फिरतील.
पाठ आखडते म्हणून एक फुगा,
मग पाठ नसली तरी फुगा.
काचेला भाव आहे, फुग्याला नाही,
त्याच्या दारूचं भंगारसुद्धा झालं नाही.
रात्री रिकामं ताट पुढं ओढायचा,
म्हणायचा, वाढ.
पातेलं पालथं दाखवलं तरी, वाढ.

साक्षरतेच्या वर्गाला मी चाळीस दिवस गेले होते,
जोडाक्षरं अजून अडतात, पण हा शब्द सोपा.
परवा बाटलीभोवतीच्या पेपरात होता,
जाड ठशात, शेजारी वर चढणारा बाण.
वाढ.
आतल्या पानावर दारूतून सरकारला मिळालेला पैसा,
तिथंही तोच.

आमच्यात फुटलं म्हणायची पद्धत नाही.
नारळ वाढवतात.
चौकातल्या वाइन शॉपच्या उद्घाटनाला वाढवला,
खोबरं मीही खाल्लं, खोटं कशाला बोलू.
रात्री शटर ओढताना दुकान वाढवतात.
आणि ससूनमधून दादारावला आणला
त्या दिवशी जावेनं माझे हात दगडावर धरले
आणि बांगड्या वाढवल्या.
दोन्ही हातांच्या मिळून अकरा.
एक आधीच गेलेली होती,
ती त्यानंच वाढवली होती, पगाराच्या रात्री.

बाणाचं मला कळत नाही.
पेपर मी सरळ केला, घडी घातली,
रद्दीला वेगळा भाव असतो.

काल लिफ्टपाशी बाराव्या मजल्यावरची बाई
पाण्याची बाटली घेऊन उभी होती.
एरवी नुसतं देते आणि दार लावते.
काल थांबली. मनगटावर जुनं पिवळं पडलेलं काहीतरी,
ओढणीखाली अर्धं.
हळू विचारलं,
मावशी, तुमच्याकडं कुणी पितं का?
मी म्हणाले, प्यायचे. आता नाही.
तिच्या तोंडावर एकदम उजेड आला,
माझ्याजवळ सरकली,
माझ्या हाताला वास असतो तरी सरकली.
म्हणाली, खरंच?
कशी सुटली हो?

लिफ्ट येऊन उघडी राहिली होती, टुंटुं वाजत होती.
मी बाटली तोंडाला लावली.
पाणी फ्रिजचं होतं, दातांना कळ लागली.
तरी सगळं प्यायले,
थांबत थांबत.