चूकदुरुस्ती

दारव्ह्याच्या टेशनावर त्याचा बाप तारबाबू,
आबाजी वाक्रूळकर, कुलाब्याकडचा.
लहान गाडीच्या शिट्टीत पोरगं वाढलं
आणि मायच्या बांगड्या मोडून त्यानं यंत्र घेतलं,
अकोल्याच्या एका बुडीत छापखान्याचं,
चाकाचा एक आरा तुटलेलं.
पेपराचं नाव 'अडाणकाठ'.
लोक म्हणत, अडाण्यायचा पेपर.
हन्नोख मालक म्हणे, मंग बराबर पत्त्यावर जाते.

मी चौदाचा होतो. पहिली ओळ जुळवली
आणि शिशाच्या तोंडाकडं पाहून घाबरलो, सगळी उलटी.
"उजवीकून डावीकडं वाच, उकंडा.
आमच्या घरची पोथी अशीच वाचतेत."
त्याला स्वतःला ती पोथी अडखळतच येई,
बोट ठेवून, रात्री, खोबरेल तेलाच्या दिव्यापाशी.

जिनिंगचा काटा मणामागं दोन शेर खातो,
हे आम्ही छापलं, शेटच्या नावासकट.
पुढच्या आठवड्यात जिनिंगची जाहिरात गेली.
त्यानं ती जागा तशीच कोरी ठेवली
आणि तळाला बारीक टायपात लिहिलं :
ही जागा वजनात कमी भरली.

शुक्रवारी दिवस बुडायच्या आत अंक निघायचा.
शनिवारी यंत्रावर मेणकापड.
गाव त्याला शनवारे मालक म्हणे, आडनाव समजून.
एका शुक्रवारी कागदच उशिरा उतरला.
सूर्य धुराड्याला टेकला तसे त्यानं
रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं,
टोपी घातली, आमच्याकडं पाहिलं.
थांबा म्हणाला नाही. छापाही म्हणाला नाही.
करामतनं पायटा मारला. रात्रभर मारत राहिला.

त्या अंकात बोरीच्या भुराबाई चौके
मेल्याची बातमी गेली.
मेली होती तिची सासू.

रविवारी मालक मला घेऊन पायी निघाला.
भुराबाई आंगण सारवत होती.
तो उन्हात उभा राहिला, टोपी काढून,
एखादं पोर शाळेत उभं राहतं तसा.
ती म्हणाली, "म्या मेली नाई हे मले ठावं हाय, भाऊ.
लोकायले सांगजा."
मग भाकर खाऊ घातली, आंबाडीची भाजी.
पुढचा अंक पाहा, कुणाच्या पेटीत असला तर :
नावाच्याही वर, सगळ्यात जाड टायपात,
भुराबाई चौके जिवंत आहेत.
चूक आमची आहे.
'खिळेवाल्याची' असं त्यानं लिहू दिलं नाही.

बेचाळीस वर्षं. मग तो गेला, मंगळवारी, दुपारी,
प्रूफ वाचता वाचता, चष्मा कागदावरच.
प्रार्थनेला त्याच्या लोकांतले दहा पुरुष लागतात,
गावात ते कधीच नव्हते.
अकोल्याहून तिघं आले.
बाकीचे आम्ही मागं उभे राहिलो, मोजात न धरलेले.

दगड मी उभा केला. मिल्काबाईनं पोथी उघडून
नाव दाखवलं, सासऱ्यानं लिहिलेलं, चारच अक्षरं.
मी ती पाथरवटाला काढून दिली,
हाताला जशी सवय तशी.
मिल्काबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू,
आणि गावात दुसऱ्या कोणाला काय कळणार.

अकरा वर्षांनी लेक आली, एलिशेबा, लोदहून.
दगडापुढं बसली, बघत राहिली,
आणि एकदम हसायला लागली, मग रडायला.
"उकंडाकाका, तुम्ही बाबांना खिळ्यात जुळवलंत."

माझे कान तापले. म्हटलं, दगड बदलतो.
ती काही बोलली नाही.
पर्समधून कागद काढला, दगडावर धरला,
पेन्सिल आडवी करून घासत गेली.
अक्षरं उमटली, उलटीच.
मग तिनं कागद पालथा केला
आणि उन्हासमोर धरला.

मी उजवीकडून सुरू केलं, बोट ठेवून.