हातचा

माडग्याळच्या पुढं डांबर संपतं,
तिथून सात किलोमीटर स्कूटी दगड मोजत जाते.
डिकीत डबा, पिशवीत निरीक्षणाचा तक्ता,
बावीस रकाने, एक शेरा.
केंद्रप्रमुख म्हणून माझी ही तिसरी भेट.

मागच्या भिंतीला टेकून बसले, नेहमीसारखी.
तेजल लाड, कडेगावची, नोकरीला आठ महिने.
फळ्यावर सत्तेचाळीस अधिक अडतीस.
अक्षर देखणं, आवाज स्वच्छ.
सात आणि आठ पंधरा, पंधरातले पाच, हातचा एक,
आणि तो एक तिनं चारच्या डोक्यावर
इतका बारीक लिहिला
की माझ्या चष्म्यालाही शोधावा लागला.

मी रकाने भरत होते.
शैक्षणिक साहित्य: आहे. फलकलेखन: उत्तम.
विद्यार्थ्यांचा प्रतिसाद: पुढच्या चार मुली.
माझ्या शेजारी बिराप्पा हाक्के, तिसरीतला,
पंचाहत्तर लिहून वर कोपर ठेवून बसलेला.

हळूच विचारलं, मोडक्या कानडीत:
तुमच्या सत्तेचाळीस कुरी, मामाच्या अडतीस,
एका वाघुरीत कोंडल्या. एष्टु?
त्यानं पत्र्याकडं पाहिलं, ओठ हलले.
"एंबत्तैदु."
पंच्याऐंशी.
मग वहीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
दहा मेंढ्या चोरीला गेल्यासारखं.

सुट्टीत व्हरांड्यात मी तिला सांगणार होते
एकतीस वर्षांत साठलेलं सगळं:
नाव घेऊन हाक मार, मागच्या भिंतीपर्यंत चालत ये,
चूक खोडण्याआधी ती कुठून आली ते विचार.
सुरुवात प्रश्नानं केली. प्रशिक्षणात तसंच सांगतात.
"बिराप्पाच्या घरी मेंढ्या किती, माहीत आहे?"

ती खडू बोटांत फिरवत राहिली.
"नाही मॅडम."
मग बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता,
"मी जेवते कुठं, तुम्हाला माहीत आहे?"

लांबवर पवनचक्कीचं पातं एकदा फिरलं, थांबलं.
तीन भेटी. सहासष्ट रकाने.
तिच्या खोलीचं दार नीट लागतं का,
रात्री टँकर येतो तेव्हा दुसरी घागर कोण धरतं,
कानडी न कळणाऱ्या या पोरीशी
गावात पहिल्यांदा कोण हसलं,
यातलं मी काहीच लिहिलं नव्हतं.
रकाना नव्हता.
नाही, रकाना नव्हता म्हणून नाही.
मीच हातचा राखून भेटत होते.

डबा उघडला. भाकरी, शेंगांची चटणी.
दोघींना पुरण्यासारखं नव्हतं, पुरवलं.
ती बोलत गेली, मधेच हसली,
घंटा द्यायची विसरली. पोरांनीच दिली.

पुढच्या तासाला ती मागच्या भिंतीपर्यंत आली,
बिराप्पाजवळ उकिडवी बसली.
"एस्टू?" म्हणाली.
सगळा वर्ग फुटला.
"एष्टु," बिराप्पानं सुधारून दिलं,
गंभीरपणे, नव्या पोराला सांगावं तसं.
तिनं पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा चुकली.
मग तिनं काही न सांगताच
त्यानं आपल्या वहीत, चारच्या डोक्यावर,
एक काढला.
चांगला बोटभर.

शेऱ्याच्या जागी मी पेन टेकवलं, उचललं.
आठवड्यानं तालुक्यातून तक्ता परत आला:
शेरा अपूर्ण, भेटीचे फलित नमूद करावे.
अजून टेबलावरच आहे, त्यावर माझा चष्मा.

काल रात्री तेजलचा फोन.
मला वाटलं, रजा मागतेय.
"मॅडम, बिराप्पाकडची एक मेंढी व्याली, दोन कोकरं.
त्याचं म्हणणं आहे,
फळ्यावरचं गणित आता बदलायला पाहिजे."