रुमालाखाली

बाबांनी मला वाशीला एकदाच नेलं. नऊ वर्षांची होते,
रात्रभर ट्रकच्या केबिनमध्ये, अंगाला भाताच्या पेंढ्याचा वास.
पहाटे दलालाने खांद्यावरचा रुमाल काढला,
व्यापाऱ्याच्या हातावर टाकला,
आणि दोघांची बोटं आत एकमेकांशी बोलू लागली.
वर दोघांचे चेहरे पालखीतल्या मुखवट्यांसारखे, कोरे.

बाबा तीन हातांवर उभे.
जामसंड्याच्या कातळात सुरुंग लावून कलमं जगवलेला माणूस,
त्याला तेवढं कापड हलताना दिसत होतं.
"दर काय फुटलो?"
"पट्टी येईल," दलाल म्हणाला, "पोस्टाने."

पट्टी आली. हमाली, तोलाई, वाराई, अडत,
आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, धर्मादाय.
कुणाचा धर्म ते लिहिलेलं नव्हतं.

हे आठवायचं कारण प्रद्योतचा फोन.
तो डॅलसला, हॉस्पिटलांच्या यंत्रांसाठी काहीतरी लिहितो;
काय, ते त्याला आठ वर्षांत मला नीट सांगता आलेलं नाही.
मालकाने निवडणुकीआधी जेवण ठेवलं होतं,
उमेदवारासाठी. एका ताटाचे पैसे
आमच्या बागेच्या दोन हंगामांएवढे.
कुणीतरी आलं नाही, खुर्ची रिकामी दिसू नये
म्हणून याला टाय बांधून बसवलं.
याने स्वतः एक डॉलर दिला असता तर गुन्हा झाला असता.
परक्याने द्यायचं नसतं.
परक्यांविषयी द्यायला हरकत नाही.

"तोच माणूस गं," प्रद्योत म्हणाला,
"महिन्यापूर्वी बंद कारखान्यापुढे उभा राहून
आमच्या नावाने बोटं मोडत होता.
इथे म्हणाला, तुमच्यासारखी हुशार मुलं हवीत आम्हाला,
आणि माझा हात सोडता सोडता पलीकडच्याचा धरला."
मालक बोलला सूप आणि माशाच्या मध्ये.
एकच वाक्य, सावकाश, रुमालाने ओठ टिपत.
टेबलभर माना हलल्या,
आपल्या गाऱ्हाण्यात हलतात तशा. व्हय म्हाराजा.
(मासा कसा होता, मी विचारलं. म्हणाला, मीठ नव्हतं.)

नियम आला फेब्रुवारीत, सत्तर पानांचा.
अकराव्या पानावर तेच वाक्य,
स्वल्पविरामासकट.

आणि व्हिसा मिळाला.
आईने कुणकेश्वराला नारळ दिला,
तिठ्यावरच्या तारकरांनी पेढ्यांचे पैसे घेतले नाहीत.
आता तारकरांना कोण सांगणार
की अकराव्या पानाप्रमाणे सहा वर्षं
दुसरीकडे नोकरी धरायची नाही,
पगाराचं नाव काढायचं नाही,
दार उघडं आहे, कडी मालकाच्या बाजूला.

मी शेडमध्ये पेट्या भरत होते, फोन स्पीकरवर.
चार डझन, पाच डझन, डागी फळं वेगळी.
मी आता वाशीला पाठवत नाही. दर पेटीवरच छापते,
गिऱ्हाईक घासाघीस करतं, उघड्यावर, तोंडावर.
कधी भांडणंही होतात. बरं वाटतं.

बाबा कोपऱ्यात स्टुलावर, देठ तपासत.
मला वाटायचं, त्यांना हल्ली ऐकू येत नाही.
हातातलं फळ उलटं ठेवून ते फोनकडे वाकले.
"पट्टी इली काय रे?"
"आली, बाबा. मंजूर झालं."
"ता झाला. धर्मादाय किती कापल्यानी?"

तिकडून बराच वेळ नुसता एसीचा आवाज.